मोडीत घालण्यापूर्वी

मैत्रिणींनो, सणवार जवळ आले की कपाटातली चांदी बाहेर निघते आणि तिच्याबरोबर तुमची पत्रंही. या खेपेला एका वाचक भगिनीचा प्रश्न असा : “सासूबाईंची जुनी गुलाबदाणी आहे. पोटाला पोचा आलाय, वरचं झारीसारखं टोपण हलतं. हळदीकुंकवाला हल्ली गुलाबपाणी शिंपडतं कोण? मोडून चार वाट्या करून घ्याव्यात असं ह्यांचं म्हणणं. तुमचं मत कळवा.”

माझं मत : थांबा. हे सांगायचा मला अधिकार आहे, कारण अशीच एक गुलाबदाणी मी घालवून बसले आहे.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. मंडईतून भाजी घेतली, मेथीच्या जुडीखाली फडक्यात गुंडाळलेली गुलाबदाणी होतीच, तशीच सराफाच्या पेढीची पायरी चढले. त्यांनी बुडातली लाख काढली, काटा लावला, घट धरली. हिशेब अगदी चोख होता, त्यांना बोल लावायला जागा नाही. काटा वजन सांगतो, घडणावळ नाही. मी दोन ताटल्या घेऊन घरी आले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “माझ्या रुखवतातली होती गं ती.” पुढे त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत. ताटल्या अजून आहेत. त्यात काही विशेष नाही, दुकानात रांगेनं मांडलेल्या असतात तशाच.

आता तुमची गुलाबदाणी समोर ठेवा आणि जरा नीट बघा. खाली पसरट पाय, वर गोल पोट, मग निमुळती होत गेलेली लांब मान आणि टोकाला भोकांचं टोपण. हा आकार नुसता शोभेचा नाही, बरं का. पोटात पाणी मावतं, मान अरुंद म्हणून सुवास चटकन उडून जात नाही, आणि झटका दिला की थेंबच पडतात, धार नाही. पाय, पोट, मान आणि ओठ हे अवयव जगभरच्या भांड्यांना असतात. ग्रीक लोकांचे तेलाचे दोन कानांचे कुंभ घ्या, की मुलाला शाळेत बक्षीस मिळालेला कप घ्या, सगळे एकाच घराण्यातले. आपला तांब्याही त्यातलाच. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानं भारत सरकारला एक अहवाल दिला. इथे पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांनी सर्वांत जास्त वाखाणला तो लोटा! त्याच अहवालाच्या पाठबळावर १९६१ साली अहमदाबादेत डिझाइन शिकवणारी राष्ट्रीय संस्था निघाली. आणि आपण तो मोरीत ठेवतो.

पुण्याला आलात तर मंडईची खरेदी आटोपल्यावर बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जरूर डोकवा. चालत काही मिनिटांचीच वाट आहे, आणि आता मेट्रोही मंडईला थांबते. दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं हा संग्रह उभा केला आणि १९६२ साली तो सरकारच्या हवाली केला. तलवारी-मुकुट बघायच्या अपेक्षेनं जाल, आणि दिसतील अडकित्ते, पानाचे डबे, दिवे, दौती. म्हणजे आपल्याच माळ्यावरचं सामान! मी ताटल्या घेतल्यानंतर पुष्कळ वर्षांनी तिथे गेले. काय वाटलं ते लिहीत नाही.

पण आधी वस्तू चांदीचीच आहे ना, हे पाहून घ्या. जर्मन सिल्व्हरमध्ये नावापुरतीही चांदी नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं. बुडाशी इंग्रजीत ‘ई.पी.एन.एस.’ अशी चार अक्षरं असली तर ते चांदीचं नुसतं पाणी समजा. असली वस्तू मोडीत द्यायचा प्रश्नच उरत नाही, आणि घासताना तर फार जपायला हवं, कारण थर निघाला की गेला. जुन्या घरगुती चांदीवर हॉलमार्क बहुधा नसतोच, तेवढ्यावरून ती खोटी ठरवू नका. सराफाकडून कस लावून घ्या.

राख, रांगोळी, टूथपेस्ट यांनी घासू नका. नक्षीतली नाकं-डोळी झिजतात ती अशानंच. मऊ फडकं, साबणाचं कोमट पाणी, आणि पुसून पूर्ण कोरडं करणं. काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाची पुटं. कांदा, अंडं, रबर, लोकर यांच्या शेजारी ती लवकर चढतात. साध्या, बिननक्षीच्या भांड्याला ॲल्युमिनियमच्या भांड्यात गरम पाणी आणि खायचा सोडा हा उपाय चालतो. पण बुडात लाख भरलेली असेल तर गरम पाणी अजिबात नको, लाख मऊ होते. नक्षीच्या खोलातला काळपटपणा राहू द्या, त्यानंच तर फुलं उठून दिसतात.

काचेच्या फुलदाणीचंही असंच. अरुंद मानेच्या काचेत तळाशी पांढरा थर बसला असेल तर मूठभर तांदूळ आणि थोडं व्हिनेगर घालून हलक्या हातानं फिरवा. सोनेरी काठ असेल तर मात्र व्हिनेगर टाळा. आणि जुनी काच घरात असली तर ती विलायतीच असेल असं धरून चालू नका. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ सालचा, लोकांनी एकेक पैसा देऊन उभा केलेला.

आता पोचा आणि टोपण. पोचा घरी लाटण्यानं काढायला जाऊ नका, पत्रा फाटतो. भांडी घडवणारा जुना कारागीर गाठा, नुसती दागिन्यांची विक्री करणारा नको. टोपण झाळायचं झालं तर चांदीच्याच झाळणीनं झाळायला सांगा. कथिल-शिशाची झाळ स्वस्त पडते, पण पुढे कुणी ती तापवली की चांदी खाते. कामाला देण्यापूर्वी वजन करून चिठ्ठी घ्या आणि चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

आणि हो, ती कुणाच्या रुखवतातली, कुठल्या साली आली, हे सासूबाईंना आजच विचारा. कागदावर लिहून तो तिच्याच डब्यात ठेवा. वाट्या काय, पुढच्या दिवाळीतही मिळतील.