नोटीस वाचणार कोण?

कालव्यासाठी जमीन घेण्याची नोटीस आली, तेव्हा आजोबांनी ती देव्हाऱ्यामागे जपून ठेवली. वडिलांना सही येते. पण ते सरकारी मराठी उमगले नाही. मी वसतिगृहात. दिवाळीला घरी गेलो, तोवर हरकतीची मुदत उलटली होती.

1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही. तरी कलम 300-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येत नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याने हरकतीसाठी 60 दिवस दिले आहेत. पण वाचता न येणाऱ्याला साठ दिवस काय आणि सहाशे काय!

कालव्याला आमचा विरोध नाही. आम्हाला विचारले गेले, असे मात्र कोणी म्हणू नये.

मित्रहो, सुट्टीत गावी गेलात की चावडीवरच्या नोटिसा मोठ्याने वाचून दाखवा. आपण शिकलो, त्याचा पहिला उपयोग तोच.