हिशेबात न धरलेला खर्च



कापूस-ज्वारीच्या उत्पादन खर्चाचा हिशेब आम्ही वर्षानुवर्षे सभांतून मांडत आलो. नांगरणी, बियाणे, खत, डवरणी, निंदण, फवारणी, वेचणी, एकही रकाना सोडला नाही. घरच्या माणसांची मजुरीसुद्धा धरायला लावली. पण ऐन निंदणात घरातले माणूस काविळीने पडले, तर बुडालेली मजुरी, दवाखान्याचा खर्च आणि त्यासाठी काढलेले कर्ज यांना आमच्या हिशेबात जागाच नव्हती. ही चूक आमची.

ज्यांनी नारू पाहिला, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी प्यायचे आणि वर्षभराने पायातून दोन-तीन फूट लांब जंत बाहेर यायचा. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. शेतात कामाची घाई आणि माणूस घरात पडून. नारूवर लस नव्हती, औषध नव्हते, आजही नाही. तरी देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. पाणी फडक्याने गाळले, रोग्याला पाण्यात उतरू दिले नाही, विहिरींच्या पायऱ्या बंद केल्या, हातपंप बसवले. अशा उपायांनीच रोग गेला.

जगात १९८६ साली नारूचे सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ साली उरले १४. त्यासाठी सरकारांच्या मागे तगादा लावणाऱ्यांत पुढे होते जिमी कार्टर, अमेरिकेचे माजी अध्यक्ष आणि मूळचे भुईमूग पिकवणारे शेतकरी. १९९५ साली सुदानच्या यादवीत त्यांनी या कामासाठी काही महिने लढाई थांबवायला लावली. गरिबाच्या रोगाला बाजार नसतो. कोणीतरी मागे लागले, तरच तो हटतो.

हगवण, कावीळ, विषमज्वर अजून गेलेले नाहीत. तेही दूषित पाण्यातूनच येतात. आधी भाव मिळू द्या, मग बाकीचे बघू, असे आम्हीही म्हणत होतो. भावाची मागणी सोडायची नाहीच. पण वाढीव भाव दवाखान्यातच जिरणार असेल, तर लढून हाती काय लागले?

पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. पाण्यात टीसीएल पावडर रोज पडते का? ओ.टी. चाचणीची नोंदवही कुठे आहे? गावाला मिळालेले पाण्याचे कार्ड लाल, पिवळे की हिरवे? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या आणि पुढच्या जिल्हा बैठकीला येताना त्याची नक्कल सोबत आणा. मागण्यांची यादी आपण तिथूनच करू.