सेटलमेंट कसली करता, आधी हिशोब मागा



सोलापुरात ‘सेटलमेंट’ म्हटलं की जुन्या माणसांना तारेचं कुंपण आठवतं. इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी आणि दुसऱ्या जमातींची माणसं इथं तारेच्या आत ठेवली, हजेऱ्या घेतल्या, गिरण्यांत कामाला धाडली. तो कायदा 1952 साली देशभरातून गेला. वस्तीचं नाव मात्र आजही सेटलमेंटच आहे. आता तोच शब्द दुसऱ्या तोंडून ऐकू येतो. फायनान्सचा वसुलीवाला म्हणतो, “सेटलमेंट करून टाका.” मुकादम म्हणतो, “बसून तडजोड करू.” आणि माणूस पुन्हा एकदा कुंपणात जातो.

झालं काय ते सांगतो. यंदा नंदुरबारकडची एक टोळी जिल्ह्यात ऊस तोडायला आली होती. त्यातल्या एका जोडीने 80,000 उचल घेतलेली. हंगामात बाई आजारी पडली, खाडे झाले. कारखान्याचा पट्टा पडला तेव्हा मुकादमाने तोंडी सांगितलं, “23,000 फिटले नाहीत, त्यावर महिना शेकडा पाच.” किती टन ऊस तोडला, दर काय लावला, खाड्याचे किती कापले, काही दाखवलं नाही. वनहक्काच्या पट्ट्याचा मूळ कागद त्याने आधीच “जपून ठेवायला” घेतला होता. (कारखान्याचा पट्टा पडला आणि यांचा पट्टा गेला, असं टोळीतली पोरं हसत म्हणाली. मला हसू आलं नाही.) मग तडजोड झाली. तीन वर्षं जमीन मुकादमाच्या पुतण्याने कसायची आणि कर्ज फिटलं म्हणायचं. शंभराच्या स्टॅम्पवर लिहिलं, अंगठे घेतले. साक्षीदार म्हणून खाली सही आहे ती आपल्याच संघटनेच्या कार्यकर्त्याची.

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “दादा, घेतलंय ते फेडलं पाहिजे ना? आपला माणूस शब्द मोडत नाही. आणि भांडण मिटलं, बाईला घरी जाता आलं.”

हे बोलणं आपल्या गावागावांत आहे म्हणून त्यालाच उत्तर देतो. शब्द पाळावा, मान्य. पण शब्द दोघांचा असतो. मुकादमाने कामाचा दाम बरोबर लावायचा, हाही शब्दच होता. तो पाळला की नाही ते हिशोबाशिवाय कळणार कसं? हिशोब न बघता केलेल्या तडजोडीत कर्ज किती होतं ते घेणारा ठरवतो आणि देणारा फक्त अंगठा देतो. आणि बाईला घरी जाता आलं म्हणता, तर तिला अडवून धरायचा हक्क मुकादमाला दिला कुणी?

वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा 1976 चा आहे. उचलीपोटी माणसाला दुसरीकडे कामाला जाता येत नसेल, येण्याजाण्यावर बंदी असेल, किंवा नावापुरत्या मजुरीवर राबावं लागत असेल, तर ते वेठबिगारीचं कर्ज. ते कर्ज कायद्यानेच संपलेलं आहे. त्यासाठी डांबून ठेवणाऱ्याला, वसुली करणाऱ्याला शिक्षा आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे करायचा. जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समिती असावी आणि तिच्यावर आदिवासी-दलित माणसं असावीत, असं कायदाच सांगतो. तुमच्या जिल्ह्याची समिती शेवटची कधी बसली, ते मोर्चात विचारा.

आता व्याज. मुकादम असो, किराणावाला असो की गावचा पुढारी, व्याजाने पैसे फिरवायचा धंदा करतो तो सावकार. त्याच्यासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 आहे. परवाना नसेल तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. बिनपरवाना सावकाराला कोर्ट वसुलीचा हुकूम देत नाही. परवाना असला तरी शेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला शेकडा 12, तारण असेल तर 9. बिगरशेती कर्जाला 18 आणि 15. व्याजावर व्याज नाही, आणि व्याजाची एकूण वसुली मुद्दलाच्या वर जाता कामा नये. 23,000 वर महिना शेकडा पाच म्हणजे वर्षाला 13,800. कायद्याने बारा टक्के धरले तर 2,760. पाच रुपये शेकड्याने वीस महिन्यांत व्याज मुद्दलाएवढं होतं. तीन-तीन वर्षं व्याज भरणाऱ्या बायका आपल्या प्रत्येक पाड्यावर आहेत. त्यांनी काय भरलं ते एकदा मांडून बघा.

आणि जमीन. सावकाराने कर्जापोटी खरेदीखत, गहाण, भाडेपट्टा काहीही लिहून घेतलं असेल आणि पंधरा वर्षं उलटली नसतील, तर सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ती जमीन परत देऊ शकतो. आदिवासीचा सातबारा असेल तर जमीन महसूल संहितेची कलमं 36 आणि 36अ आहेत. बिगरआदिवासीच्या नावे जमीन करायला जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी लागते. वनहक्काच्या पट्ट्याचं तर याहून सोपं आहे. 2006 च्या कायद्याचं कलम 4(4) सांगतं की तो हक्क वारसाने जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे त्या स्टॅम्पवर जे लिहिलंय ते द्यायचा अधिकार खुद्द पट्टेदारालाही नव्हता. आपल्या कार्यकर्त्याने रद्दी कागदावर सही केली. फरक एवढाच की त्या रद्दीच्या जोरावर पुतण्या या पावसाळ्यात नांगर घालील.

हे सगळं मी नवीन सांगत नाही. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे काढून जाळले. माणसं मारायला गेले नव्हते ते, कागद जाळायला गेले होते. त्या दंग्यापायी सरकारला 1879 चा दख्खन शेतकरी कायदा करावा लागला. पुणे, सातारा, नगर आणि आपलं सोलापूर, या चार जिल्ह्यांसाठी. त्यात न्यायाधीशाने रोख्यावरची रक्कम डोळे झाकून धरायची नाही, व्यवहार पहिल्यापासून उघडून बघायचा, असं ठरलं. गोऱ्या साहेबाला त्या वेळी कळलं ते आपल्या तडजोडवाल्यांना अजून कळत नाही. पुढे 1975 साली राज्याने अल्पभूधारक, भूमिहीन, कारागीर यांची सावकारी कर्जं कायद्याने संपवली. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1977 साली हरले.

पण सरकारचे गोडवे गायला हे लिहीत नाही. 2017 ला कर्जमाफी आली, 2019 ला आली. दोन्ही बँकेच्या पीककर्जाची. ज्याला सातबारा नाही म्हणून बँकेने दारात उभं केलं नाही, त्याला माफी कसली? 2015 ला सावकारी कर्ज सरकारने भरायचं ठरवलं तेही परवानावाल्या सावकारांचंच. आपल्या पाड्यावर परवाना घेऊन कोण येतो? चौकीत गेलं तर म्हणतात दिवाणी मामला आहे, निबंधकाकडे जा. निबंधकाकडे गेलं तर म्हणतात पुरावा आणा. पुरावा सावकाराच्या पेटीत असतो. ती पेटी उघडायचा, झडती घ्यायचा अधिकार कायद्याने निबंधकालाच दिलाय, हे त्याला सांगायला दहा माणसं जावी लागतात. एकट्याने जाऊ नका.

बचत गटाच्या नावाने फायनान्सवाले येतात त्यांची गोष्ट वेगळी, आणि इथं आपली फसगत होते. रिझर्व्ह बँकेत नोंदलेल्या कंपनीला राज्याचा सावकारी कायदा लागत नाही, 12 टक्क्यांचं बंधन नाही. म्हणून पहिला प्रश्न, पैसे कुणाचे? त्यांच्यावर 2022 पासून रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. छोट्या कर्जाला तारण घ्यायचं नाही, सगळ्या घराचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला यायचं नाही, दमदाटी नाही. एकरकमी तडजोड करायची तर आकडा कंपनीच्या पत्रावर घ्या. पैसे भरल्याची पावती आणि बाकी नसल्याचा दाखला हातात घ्या. “कर्ज मिटवून देतो, आधी फी द्या” म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. लोकअदालतीची नोटीस आली तर जा, पण तिथं सही केली की तो कोर्टाचा हुकूम, त्यावर अपील नाही. म्हणून आधी तालुका विधी सेवा समितीत जाऊन वकील मागा. आदिवासीला आणि बाईला तो फुकट मिळतो, कमाईचा दाखला लागत नाही.

त्या जोडीचा अर्ज आम्ही जिल्हाधिकारी आणि जिल्हा उपनिबंधक दोघांकडे दिलाय, पोच घेतली आहे. साक्षीदार कार्यकर्त्याने लिहून दिलंय की त्याच्यासमोर कोणताही हिशोब झाला नाही. चूक कबूल करायला हिंमत लागते, ती त्याने दाखवली. पट्ट्याचा मूळ कागद अजून मुकादमाकडेच आहे. तोवर वनहक्क समितीने दप्तरातून नक्कल काढून बाईकडे द्यावी आणि पेरणीला टोळीतल्या सगळ्यांनी तिच्या शेतावर जावं, असं पाड्याच्या बैठकीत ठरलं आहे.

पोळ्यानंतर उचलीच्या जीपा येतील. त्याआधी प्रत्येक गावाने कुणाचा कागद कुणाकडे अडकलाय त्याची यादी करून पाठवावी. उचल घेणाऱ्याने रक्कम, तारीख आणि टनाचा दर वहीत लिहून मुकादमाची सही घ्यावी. सही देत नाही त्याच्या जीपमध्ये बसू नये.