पुड्यात काय आहे, ते पुड्यावर छापा

मा. श्री. प्रल्हाद जोशी,
केंद्रीय ग्राहक व्यवहार, अन्न आणि सार्वजनिक वितरण मंत्री



२००४ पासून धारवाडकर आपल्याला लोकसभेत पाठवत आले आहेत आणि जून २०२४ पासून ग्राहक व्यवहार खाते आपल्याकडे आहे. त्यामुळे हे गाऱ्हाणे आपल्यापुढेच मांडते. मागणी छोटी आहे. कुत्र्या-मांजरांच्या खाद्याच्या प्रत्येक पुड्यावर, अगदी दहा-वीस रुपयांच्या खाऊवरसुद्धा, आतला प्रत्येक घटक नावानिशी छापणे सक्तीचे करा.

आमच्या घरी एक गावठी कुत्री आहे. तिला कोंबडी सोसत नाही. थोडी जरी पोटात गेली तरी कान वाहू लागतात, चाटून चाटून पंजे तांबूस पडतात, रात्रभर खाजवणे चालते. अशा कुत्र्याला नेमके काय बाधते हे शोधणे चिकाटीचे काम आहे. अन्नाच्या ॲलर्जीसाठी विकल्या जाणाऱ्या रक्ताच्या आणि लाळेच्या चाचण्या भरवशाच्या नाहीत. खात्रीची वाट एकच. पूर्वी कधी न खाल्लेले एक प्रथिन आणि त्याच्या जोडीला एक पिष्टमय पदार्थ, एवढ्यावरच कुत्र्याला ठेवायचे. त्रास थांबला की जुने अन्न पुन्हा देऊन बघायचे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार पाच आठवड्यांत ऐंशी टक्क्यांहून अधिक कुत्र्यांना उतार पडतो. नव्वद टक्क्यांच्या पुढे जायचे तर आठ आठवडे थांबावे लागते. आम्ही कारवारकडची मासळी आणि बेळगावी रताळी यांवर ते दिवस काढले.

या आठ आठवड्यांत एक बिस्कीट चुकून पोटात गेले तरी निष्कर्षावर विसंबता येत नाही. जंताच्या काही गोळ्यांना मांसाची चव लावलेली असते, तेवढीही चालत नाही. मुख्य जेवण आपल्या हातात असते, ते सांभाळता येते. घात होतो तो खाऊने. शेजारची मुले खाऊ देतात, पाहुणे देतात, फाटकाशी थांबणारा दूधवाला देतो. सगळे प्रेमानेच देतात, आणि कुत्र्याला माणसाचे प्रेम त्या खाऊतूनच कळते, म्हणून तो बंदही करवत नाही. एकूण आहाराच्या दहा टक्क्यांपलीकडे खाऊ नसावा, असे पशुवैद्य सांगतात. पण सोसत नसलेल्या पदार्थाला टक्केवारीचा हिशेब लागू होत नाही.

आपल्या गावात आनंदाची बातमी आली की पेढे वाटतात आणि पेढ्याचा तुकडा घरच्या कुत्र्यालाही जातो. ज्या कुत्र्याला दूध बाधते त्याला धारवाडी पेढा वर्ज्य, हे आम्ही समजू शकतो. पेढ्यात खवा आणि साखर आहे हे लहान मुलालाही ठाऊक आहे, म्हणून तो नाकारता येतो. कुत्र्याच्या बिस्किटाच्या बाबतीत ही सोय नाही. पुड्यावर मेंढीचे चित्र असते, खाली बारीक अक्षरांत ‘मांस व मांसजन्य पदार्थ’, ‘तृणधान्ये’, ‘मान्यताप्राप्त स्वाद’ असे मोघम शब्द. मांस कुणाचे? चरबी कोंबडीची की आणखी कशाची? हुबळीत बरणीतून सुटी बिस्किटे तोलून साध्या पिशवीत बांधून देतात, त्यांवर तर काहीच नसते. दुकानदाराला विचारले तर तोही बिचारा अंदाजच सांगणार.

हा अंदाज किती महाग पडतो ते पाहा. अन्नामुळे त्वचेचा त्रास झालेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र करून २०१६ मध्ये एक आढावा निघाला. त्यात गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७, कोंबडी १५ आणि गहू १३ टक्के कुत्र्यांना बाधत होते. यातले दूध, कोंबडी आणि गहू हे तिन्ही तर आपल्याकडच्या खाऊत नेहमीचेच. ‘शाकाहारी’ म्हणून विकलेले बिस्कीट घेतले तर त्यात गहू आणि दूध असण्याचीच शक्यता अधिक.

माणसाच्या बिस्किटाला हा प्रश्न नाही. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार गहू, दूध, अंडे, मासे, शेंगदाणा, सोयाबीन असल्यास तसे पुड्यावर सांगावेच लागते. पण २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ‘अन्ना’च्या व्याख्येतून पशुखाद्य वगळले आहे. मग उरतात आपल्या खात्याचे २०११ चे आवेष्टित वस्तू नियम. त्यांतल्या सहाव्या नियमाप्रमाणे उत्पादकाचे नाव-पत्ता, वजन, महिना-वर्ष, कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क हे सगळे छापायचे असते; घटकांची यादी त्यात नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वस्तूचा दर्जा आणि शुद्धता जाणून घेण्याचा हक्क मला देतो. तो हक्क कुत्र्याचा खाऊ विकत घेताना का संपावा?

म्हणून प्राण्यांच्या खाद्यापुरती सहाव्या नियमात भर घाला. मांस, चरबी आणि स्वाद कोणत्या प्राण्याचा ते नावाने लिहायचे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायचे. सुटा माल बांधून विकणाऱ्यालाही हेच बंधन. भारतीय मानक ब्युरोचे पाळीव प्राण्यांच्या खाद्याचे मानक, आयएस ११९६८, आहेच. ब्युरोही आपल्याच खात्याकडे आहे.

नुसत्या छापण्यावर मात्र थांबू नका. इटलीतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ॲलर्जीच्या कुत्र्यांसाठीचे बारा प्रकारचे खाद्य तपासले, तेव्हा दहांत पुड्यावर न लिहिलेल्या प्राण्यांचे अंश सापडले. कोणत्या प्राण्याचे मांस आहे ते डीएनए तपासणीतून कळते. नॅशनल टेस्ट हाऊस आपल्याच अखत्यारीत आहे. बाजारातून नमुने उचलून तपासण्याचे काम त्याच्याकडे देता येईल.

छोट्या उत्पादकांवर ओझे पडेल, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. घरच्या ओव्हनमध्ये नाचणीची बिस्किटे करून विकणाऱ्या बाईला आपण परातीत काय काय घेतले ते पक्के ठाऊक असते. अडचण होईल ती मोघम शब्दांवर ज्यांचा धंदा चालतो त्यांची.

आमच्या कुत्रीला सध्या वाळवलेल्या रताळ्याच्या चकत्या मिळतात, आणि त्या तिला आवडतात. पण कामावरून उशिरा येणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, वयस्कर माणसाने रताळी वाळवत बसावे असे म्हणता येत नाही. त्याला दुकानातून वाचून, विश्वासाने खाऊ घेता आला पाहिजे. नियमदुरुस्तीचा मसुदा हरकती-सूचनांसाठी आपण कधी प्रसिद्ध कराल, एवढे कळवावे.

आपली,
सप्तापूर, धारवाड येथील एक मतदार