गाय डीडीजीएसला तोंड लावत नाही, तेव्हा

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आणली आणि मक्याच्या इथेनॉलला जोर आला. मक्यातला स्टार्च इथेनॉलसाठी वापरला जातो. उरलेला चोथा वाळवला की डीडीजीएस. हा माल बाजारात वाढला, तसा सोयापेंडीच्या दरावर दाब आला. घरी सोयाबीन आणि दावणीला गाई असतील, तर तुम्ही विकताना मार खाता. निदान पशुखाद्य घेताना तरी त्यातून चार पैसे वाचावेत, ही अपेक्षा रास्त आहे.

पण गाय तोंड लावत नाही. अशा वेळी बरेच जण लगेच गुळाचे पाणी मारतात. तसे करू नका. आधी मूठभर माल हातात घेऊन वास घ्या. चांगला माल पिवळसर सोनेरी असतो, वास किंचित आंबूस-गोड. गडद तपकिरी आणि करपट वासाचा माल वाळवताना जास्त तापलेला असतो. त्यातली प्रथिने गाईला नीट पचत नाहीत. कुबट वास किंवा गोळे आढळले तर पोते परत करा. गुळाने हा वास झाकला जाईल, बुरशी जाणार नाही.

माल चांगला असूनही गाय नाकारत असेल, तर ती फक्त सवय नसल्याची गोष्ट. नेहमीच्या सरकी पेंडीत किंवा भरड्यात पाव किलो मिसळा, धूळ बसण्यापुरता पाण्याचा हबका मारा आणि सकाळच्या धारेला द्या. दर तीन-चार दिवसांनी थोडे वाढवा. पोटातल्या जीवाणूंनाही जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात. दहा-बारा लिटरच्या संकरित गाईला दिवसाला एक किलोपुढे जायची घाई नको. खाणारी गाय शेजारी बांधली तर बुजरी लवकर शिकते. उष्टे गव्हाणीत ठेवू नका. यात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम कमी असल्याने खनिज मिश्रण चालू ठेवा.

खरी जोखीम मात्र नाकाला कळत नाही. स्टार्च निघून गेल्यावर मक्यातले अफलाटॉक्सिन डीडीजीएसमध्ये जवळपास तिप्पट दाट होते आणि त्याचा काही भाग एम१ रूपात दुधात उतरतो. दुधासाठी त्याची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. विक्रेत्याकडे त्याच लॉटचा तपासणी अहवाल मागा. एकट्याला तपासणी परवडत नसेल, तर विस्तार कार्यकर्त्यांनी गावातल्या पाच-सात जणांची खरेदी एकाच लॉटमधून करवून घ्यावी आणि वेगवेगळ्या पोत्यांतून काढलेला एकत्र नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.