किनारा रिकामा नसतो

मेक्सिकोतल्या व्हॅनलाइफच्या रील बघून आपल्यापैकी अनेकांना एकच स्वप्न पडतं. घर चाकांवर घ्यायचं, किनाऱ्यावर लावायचं, सकाळी दार उघडलं की समोर समुद्र. स्वप्न वाईट नाही. पण तेच जसंच्या तसं घिवलीच्या वाळूवर आणून उभं करायचं असेल, तर माझा विरोध आहे.

कारण साधं आहे. घिवली हे मच्छीमारांचं गाव आहे. इथला किनारा म्हणजे कामाची जागा. इथे होड्या लागतात, जाळी दुरुस्त होतात, मासळी वाळत घातली जाते. तुम्ही फोटोखाली ‘अनएक्सप्लोर्ड बीच’ लिहिता. कुणी एक्सप्लोर केला नाही म्हणे? पिढ्यानपिढ्या ज्यांचं पोट या पाण्यावर चाललंय, ते तुमच्या हिशेबात नाहीत का?

हा शब्दांचा कीस नाही. शेजारची पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी उठवली गेली. आता डहाणूजवळ वाढवण बंदर येतंय. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालघरला त्याचं भूमिपूजन झालं, आणि मच्छीमारांचा विरोध त्याआधीपासून आहे. ज्या किनाऱ्यावर कुणी राहतच नाही असं लोकांच्या मनात बसलं, तो किनारा मागणं सोपं जातं. माणसं फ्रेमबाहेर ठेवून काढलेला प्रत्येक सुंदर फोटो त्या समजुतीत भर घालतो.

कॅराव्हॅनच्या बाजूनेही बोलायला हवं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्यांसाठी ठरलेली जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह ही त्यामागची कल्पना चांगलीच आहे. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन किंवा मैत्रिणी-मैत्रिणींनी फिरायचं, तर सोबतचं बाथरूम ही चैन नाही, गरज आहे. पण याच सोयीत एक खोटही आहे. चूल तुमची, अंथरूण तुमचं, पाणी तुमचं. गावाकडून काहीच लागत नाही, म्हणून गावाला काही विचारलंही जात नाही.

आणि न विचारता जुनं शहर कळत नाही. वसईचं घ्या. बोईसरहून लोकलने जाता येतं. पोर्तुगीजांकडे १५३४ मध्ये गेली, चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये जिंकली, एवढं आपल्याला शाळेपासून पाठ. मग किल्ल्यात जाऊन आपण पडक्या कमानीखाली फोटो काढतो आणि परततो.

याच वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया या फ्रान्सिस्कन बंधूला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकीत क्रुसावर मारण्यात आलं. त्या दिवशी मारल्या गेलेल्या २६ जणांत मेक्सिको सिटीचा फेलिपे दे हेसुसही होता. मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका शहराच्या कॅथेड्रलमध्ये या हुतात्म्यांची भित्तिचित्रं आहेत. गिलाव्याखाली दडलेली ती चित्रं विसाव्या शतकात डागडुजी करताना उजेडात आली. म्हणजे ज्या मेक्सिकोच्या रील आपण बघतो, तिथल्या एका भिंतीवर वसईच्या माणसाची गोष्ट रंगवलेली आहे. ती गाडीच्या काचेतून दिसत नाही. त्यासाठी उतरून आत जावं लागतं, समोरच्या माणसाला ‘हे कोण?’ असं विचारावं लागतं.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. गाडी ठरलेल्या जागी लावा, वाळूवर नको. गावात चालत जा. मासळी तिथल्याच बायकांकडून घ्या, त्या सांगतील तो भाव द्या. वाळत घातलेल्या मासळीचा वास आला तर नाक मुरडू नका, तो त्यांच्या रोजगाराचा वास आहे. फोटो काढण्याआधी विचारा. आणि पोस्टमध्ये गावाचं नाव लिहा, तिथे माणसं राहतात हेही लिहा.

उद्या कुणी नकाशावर बोट ठेवून ‘इथे काहीच नाही’ म्हणालं, तर निदान तुमची पोस्ट त्याच्या बाजूने साक्ष देणार नाही.