जामीनदाराची सही

इतवारी-गांधीबागेतील व्यापारी घरांतून मुले शिक्षणास वा नोकरीस पुण्याला जातात आणि तेथील एखादा घरमालक वडिलांचा किंवा मामांचा जामीन मागतो. ‘नावापुरती सही’ म्हणून कागद पुढे येतो. हुंडीवर सही करताना दहा वेळा विचार करणारा गृहस्थ येथे मात्र मजकूर न वाचताच लेखणी उचलतो, याचे नवल वाटते.

भारतीय करार अधिनियम, 1872 यात नावापुरता जामीन ही गोष्टच नाही. वेगळे ठरले नसेल तर कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. घरमालकाने आधी भाडेकरूच्या मागे लागावे, मगच आपल्याकडे यावे, ही समजूत चुकीची आहे. तसे झाल्यास जामीन घेण्याचा हेतूच विफल होईल, असे सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात म्हटले आहे. शिवाय कलम 126 नुसार जामीन तोंडीही असू शकतो. तेव्हा फोनवर घरमालकास “काही झाले तर आम्ही आहोत” असे सांगणेही तोलूनमापूनच बरे.

साक्षीदाराची गोष्ट निराळी. साक्षीच्या सहीने भाड्याचे बंधन येत नाही. सहभाडेकरूवर मात्र ते पूर्ण येते. समजा, तीन मित्रांनी 24,000 रुपये भाड्याची सदनिका घेतली आणि दोघे निघून गेले. आपल्या मुलाचा वाटा 8,000 चाच, असे घरी वाटते. पण उलट ठरले नसेल तर कलम 43 प्रमाणे घरमालक सगळी रक्कम त्या एकट्याकडून मागू शकतो. मित्रांकडून हिस्सा वसूल करणे मग मुलाचे काम. वडिलांच्या जामीनपत्रात ‘भाडेकरू’ या शब्दाखाली तिघांची नावे असतील, तर तिघांचाही भार वडिलांवर येतो.

म्हणून जामीन कोणासाठी, किती रकमेपर्यंत आणि किती महिने, हे लिहूनच घ्यावे. जामीनदारास न विचारता अटी बदलल्या, तर पुढील व्यवहारांपुरता तो कलम 133 खाली मुक्त होतो. परंतु भाडेवाढीस आगाऊ संमती देणारे वाक्य मजकुरात असल्यास हा आधार टिकणे कठीण. मुदतीच्या भाडेकरारातील जामीन मध्येच मागे घेता येईल, या भरवशावरही राहू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. त्याची प्रत जामीनदारानेही मागून ठेवावी.

पैसे भरावेच लागले, तर कलम 145 प्रमाणे रास्तपणे भरलेली रक्कम भाडेकरूकडून परत मागता येते. ती बँकेतूनच द्यावी व ‘जामीनदार या नात्याने’ अशी पावती घ्यावी. भाच्याकडे पैसे परत मागण्याचा संकोच वाटणार असेल, तर जेवढी रक्कम सोडून देण्याची तयारी आहे, तेवढीच मर्यादा जामीनपत्रात घालावी.